डोंगरावरचा अग्नी: प्रत्यक्ष की अनुमान?

पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, हे न्यायदर्शनातले अनुमानाचे ठरलेले उदाहरण. स्वयंपाकघरात धूर आणि अग्नी नेहमी एकत्र पाहिलेले असतात. त्या व्याप्तीच्या बळावर न दिसणारा अग्नी मानला जातो. सावद्याच्या उत्तरेला सातपुडा आहे. उन्हाळ्यात तिथे वणवा लागला की दुरून आधी धूरच दिसतो. उपग्रह मात्र धुरासाठी थांबत नाही. 'टेरा' (१९९९) आणि 'अक्वा' (२००२) यांवरचे 'मोडिस' हे उपकरण थेट उष्णता टिपते. मग हे ज्ञान प्रत्यक्ष मानावे काय?

हेच उपकरण ज्वालामुखीचा लाव्हाही शोधते. साध्या जमिनीतून निघणारे अवरक्त किरण १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वांत तीव्र असतात, हजार अंशांच्या लाव्ह्याचे २ ते ३ मायक्रोमीटरच्या दरम्यान. मोडिसचा एक चित्रबिंदू सुमारे एक किलोमीटर रुंद असतो. त्यात अंगणाएवढा लाव्हा उघडा पडला, तरी ४ मायक्रोमीटरजवळचे किरण एकदम वाढतात आणि ११ मायक्रोमीटरजवळचे जेमतेम हलतात. मोजली जाते ती ही तफावत. लाव्हा तिच्यावरून ठरतो. तफावत हा हेतू, लाव्हा हे साध्य. म्हणजे हे अनुमानच, फक्त धुराची जागा किरणांनी घेतली आहे.

हे मान्य केले की हेत्वाभास, म्हणजे फसवे हेतूही, मान्य करावे लागतात. अंदमान समुद्रातला बॅरन हा भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी. दीर्घकाळ निद्रिस्त राहून १९९१ मध्ये तो पुन्हा पेटला. त्या निर्मनुष्य बेटावर चित्रात उमटलेला तप्त बिंदू म्हणजे लाव्हा. तसाच बिंदू सातपुड्यात उमटला तर तो वणवा, आणि भारतीय वन सर्वेक्षण संस्था अशाच बिंदूंवरून वणव्याची सूचना देते. सातपुड्यातला बेसॉल्टही लाव्ह्याचाच, पण तो निवून सुमारे साडेसहा कोटी वर्षे झाली. लाव्हा की वणवा हा निवाडा बिंदूत नसतो, भूमीच्या आधीच्या ज्ञानात असतो. चोपडा तालुक्यातल्या उनपदेवचे ऊन पाणी शरभंग ऋषींच्या कथेशी जोडलेले आहे; तिथेही उष्णता खरी, पण ती भूगर्भात खोल जाऊन आलेल्या पाण्याची, ज्वालामुखीची नव्हे.

दिवसा पाण्यावर चमकणारे ऊनही ४ मायक्रोमीटरचे वाचन फुगवते, म्हणून रात्रीच्या नोंदी अधिक भरवशाच्या. बिंदू न दिसण्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. भाट्ट मीमांसकांच्या मते वस्तू असती तर दिसलीच असती, अशा स्थितीतच तिचे न दिसणे हा तिच्या अभावाचा पुरावा ठरतो. दाट ढगांतून अवरक्त किरण वर येत नाहीत. त्यामुळे पावसाळ्यातल्या कोऱ्या चित्रावरून बॅरन शांत आहे असे म्हणता येत नाही.