अंतर आणि अंतःकरण

मराठी भाषेतील 'अंतर' हा शब्द मोठा विलक्षण आहे. दोन गावांमधील वाट आपण अंतराने मोजतो आणि माणसाच्या मनाचा ठावही त्याच्या अंतरातच घेतो. 'अंतर देणे' म्हणजे टाकून देणे. 'अंतरीचा जिव्हाळा' म्हणजे जवळिकीची परिसीमा. दुरावा आणि सान्निध्य असे एकाच शब्दात नांदत असूनही, माणसापासून दूर राहणे हे प्रेमाचे रूप असू शकते काय, हा प्रश्न आपल्याला फारसा कधी पडला नव्हता. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने करोनाची साथ ही महासाथ असल्याचे जाहीर केले आणि तो प्रश्न प्रत्येक घराच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहिला.

ह्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आपण अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या आवारात डोकावू या. इंडियाना राज्यातील नोटर डेम विद्यापीठ १८४२ साली होली क्रॉस संघाचे फ्रेंच धर्मगुरू फादर एडवर्ड सोरीन ह्यांनी स्थापन केले. सेंट मेरी आणि सेंट जोसेफ ही दोन तळी त्याच्या आवारात आहेत, आणि १८९६ साली बांधलेली लूर्डच्या गुंफेची छोटी प्रतिकृतीही. मिशिगन सरोवरावरून येणाऱ्या वाऱ्यांमुळे ह्या प्रदेशात हिवाळाभर बर्फ साचते. त्यामुळे तेथील वसंत म्हणजे केवळ ऋतुबदल नव्हे. ती चार भिंतींतून झालेली सुटकाच असते.

२०२१ चा वसंत मात्र वेगळा होता. विद्यार्थी गावोगाव प्रवास करतील आणि परतताना संसर्ग घेऊन येतील, ह्या भीतीने नोटर डेमसह अनेक अमेरिकन विद्यापीठांनी वसंतातील नेहमीची सुट्टी रद्द केली. त्या बदल्यात विद्यार्थ्यांना लाभले ते मोकळे आकाश. कोठे तंबूखाली वर्ग भरले, कोठे हिरवळीवर सहा फूट अंतराने खुर्च्या मांडल्या गेल्या. कोणी दोन झाडांमध्ये झोळी बांधून पुस्तक वाचू लागले, कोणी दुरूनच तबकडी फेकण्याचा खेळ मांडला, तर कोणी मित्राशी चार हात दूर राहून तळ्याकाठी फेरी मारली.

ह्यामागे शास्त्रीय कारण होते. श्वासाबरोबर बाहेर पडणारे मोठे थेंब थोड्याच अंतरावर खाली बसतात. सूक्ष्म कण मात्र बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. उघड्यावर वारा त्यांना पांगवतो. म्हणूनच २७ एप्रिल २०२१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, लसीच्या सर्व मात्रा घेतलेल्यांना उघड्यावरील लहान मेळाव्यांत मुखपट्टीची गरज नाही, असे सांगितले.

परंतु आपल्यासारख्या भारतीयांच्या मनात येथे एक शंका उभी राहते. आपल्या समाजात अंतर ठेवणे ही शतकानुशतके अपमानाची रीत होती. सावलीचाही विटाळ मानून माणसांना गावकुसाबाहेर ठेवणारा हा समाज. राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली तरी तिची सवय मनातून गेलेली नाही. म्हणूनच 'सामाजिक अंतर' हा शब्द आपल्या कानाला खुपला. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२० मध्ये त्याऐवजी 'शारीरिक अंतर' म्हणणे पसंत केले.

ह्या दोन अंतरांत भेद कोणता? विटाळाचे अंतर एकतर्फी असते. एकाने लादायचे, दुसऱ्याने सोसायचे. त्याला अखेर नसते आणि दुसऱ्याला हीन ठरवणे हाच त्याचा हेतू असतो. साथीतील अंतर दोघांनी एकमेकांसाठी पाळायचे असते. 'तुझ्यापासून मला धोका आहे' एवढेच ते म्हणत नाही. 'माझ्यापासून तुला धोका असू शकतो' हेही ते मान्य करते. ही कबुली नम्रतेची आहे. बाहेरून पाहता दोन्ही अंतरे सहा फुटांचीच असतील. त्यांचे नैतिक मोल मात्र अंतरातील हेतूवरून ठरते.

दुसरी शंका अधिक बोचरी आहे. तिकडे हिरवळीवर तरुणाई वसंताचा आनंद घेत असताना, त्याच एप्रिल महिन्यात भारतात प्राणवायूअभावी माणसे तडफडत होती. २३ एप्रिल २०२१ रोजी आपल्या विरारमध्येच रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागून करोनाचे रुग्ण मृत्युमुखी पडले. अमेरिकेत शिकणाऱ्या कित्येक भारतीय विद्यार्थ्यांना घरची दुःखद वार्ता फोनवरच ऐकावी लागली. अशा वेळी फुललेल्या झाडाखाली हसणे हे पाप नव्हे काय?

आम्हांला वाटते, आनंद स्वतः दोषी नसतो. त्या मुलांनी उन्हाकडे पाठ फिरवली असती म्हणून येथील एकाही रुग्णाला श्वास मिळाला नसता. उलट, कोंडलेले मन दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही. मात्र ह्या आनंदाला दोन प्रश्नांची उत्तरे द्यावीच लागतात. त्याची किंमत कोण मोजतो? विद्यार्थी मोकळ्या हवेत बसतात तेव्हा त्यांचे अन्न शिजवणारे आणि त्यांच्या खोल्या झाडणारे हात बंद जागेतच राबत असतात. आणि तो आनंद डोळे उघडतो की मिटतो? चाळीतील दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात, तेथे अंतर ही चैनीची वस्तू ठरते. ज्याला मोकळी जागा लाभली, त्याने हे विसरू नये. कृतज्ञतेचे रूपांतर जबाबदारीत झाले नाही, तर ती केवळ आत्मसंतुष्टता उरते.

५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर झाले. तरीही कर्करोगावर उपचार घेणारी, फुप्फुसे दुबळी झालेली, वयाने थकलेली माणसे आजही आपल्या प्रत्येक धर्मग्रामात आहेत. त्यांच्यापैकी कोणी मिस्सेच्या वेळी दाराजवळच्या बाकावर एकटेच बसले, तर त्याला तुटक म्हणू नये. सर्दीखोकला असताना आपणच चार हात दूर राहावे. भेटायचे झाल्यास त्यांना अंगणात, झाडाच्या सावलीत खुर्ची द्यावी आणि घटकाभर बोलत बसावे. दोन खुर्च्यांमध्ये तेव्हा अंतर असेल, परंतु आपण त्यांना अंतर दिलेले नसेल.