प्रक्षेपाचा अधिकार

पैठणला आरंभिलेली एकादश स्कंधावरील टीका एकनाथांनी शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, कार्तिकी पौर्णिमेस वाराणसीत पूर्ण केली. मणिकर्णिकेच्या तीराचा उल्लेख त्यांनी ग्रंथाच्या अखेरीस स्वतःच करून ठेवला आहे. मुळातील १३६७ श्लोकांवर अठरा हजारांहून अधिक ओव्या उभ्या राहिल्या. मुळात नसलेले दृष्टांत, मराठी घरातली बोली, संसारी माणसाचे प्रश्न हे सारे नाथांनी मोकळ्या हाताने त्यात आणले. तेच नाथ अकरा वर्षांनी, शके १५०६ मध्ये, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध करताना बजावतात, की तीत स्वतःची ओवी घालणाऱ्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे. परक्या ग्रंथात एवढी भर घालणाऱ्याने इतरांना ती मनाई करावी, ही विसंगती नव्हे काय?

या प्रश्नाचा उलगडा आज एका अनपेक्षित क्षेत्रात होतो. ‘मॉरोविंड’ (२००२) किंवा ‘स्कायरिम’ (२०११) यांसारख्या संगणक-खेळांत खेळणारा एक पात्र होऊन विस्तीर्ण कल्पित प्रदेशात मन मानेल तिकडे भटकतो. या खेळांत भर घालण्याची साधने निर्मात्यांनीच खेळाडूंना दिली. अशा भरीला ‘मॉड’ म्हणतात. नीट रचलेला मॉड खेळाच्या मूळ फाईलला हात लावत नाही. तो शेजारी उभा राहतो आणि खेळ चालू असताना तिच्यावर पसरतो. दोन मॉडांनी एकाच नोंदीत बदल केला, तर नंतर आलेल्याचा पाठ चालतो. क्रम चुकला की घर जमिनीत रुतते, एखादे पात्र मुके होते. मॉड ज्या फाईलवर विसंबतो तीच नसली, तर खेळ उघडण्यापूर्वीच बंद पडतो. जाणता खेळाडू मग सारे मॉड उतरवतो, मूळ खेळ चालतो हे पाहतो आणि अर्धे-अर्धे परत चढवीत दोष कोठे आहे ते हुडकतो. पाठचिकित्सकाला ही रीत परकी वाटू नये. परंतु नवख्याने मूळ फाईलींवरच नव्या लिहिल्या असतील, तर सारे पुसून खेळ पुन्हा बसवावा लागतो. त्याच्याजवळ अक्षत मूळ प्रत असते, म्हणून हे साधते. १२९० च्या ज्ञानेश्वरीची तशी प्रत कोणाजवळ आहे?

नाथांच्या भागवतात श्लोक वेगळा, ओवी वेगळी, आणि ‘एका जनार्दन’ ही मुद्राही वेगळी. टीका बाजूला ठेवली तरी मूळ भागवत जागच्या जागी राहते. ज्ञानेश्वरीत घुसलेली ओवी मात्र ज्ञानदेवांच्या आवाजात बोलते. तेव्हा नाथांचा आक्षेप भर घालण्याला नसून ती ओळखू न येण्याला आहे, असे म्हणता येईल. यात लबाडीच असते असे मात्र नाही. कोणा भाविकाने समासात एक ओवी लिहावी आणि पुढच्या लेखकाने ती राहून गेलेली समजून मजकुरात घ्यावी, एवढ्यानेही संहिता बिघडते. दोघांपैकी कोणालाही दोष देता येत नाही, आणि नैतिक प्रश्न खरा अवघड होतो तो येथेच.

त्याहून अवघड गोष्ट अशी, की शुद्धीकरण हाही एक हस्तक्षेपच आहे. प्रक्षिप्त कोणते हे नाथांनी आपल्या रसज्ञतेने आणि हाताशी असलेल्या प्रतींच्या आधाराने ठरविले असणार. त्यांची रसज्ञता थोर होती, म्हणून मराठीने तो निर्णय शिरोधार्य मानला. १९०९ साली इतिहासाचार्य राजवाडे यांनी नाथपूर्व म्हणून एक संहिता छापली, तेव्हा हा निर्णय प्रथमच उघडपणे वादात आला. तिच्या प्राचीनत्वाविषयीही पुढे पुष्कळ वाद झाला. खेळाडूने उतरविलेला मॉड त्याच्या यादीत नावासह, खूण काढलेल्या स्थितीत शिल्लक राहतो. चूक झाली असेल तर तो परत चढवता येतो. नाथांनी वगळलेल्या ओव्यांची अशी यादी नाही. त्यांत किती नरोट्या होत्या आणि एखादी ओवी ज्ञानदेवांचीही होती काय, हे आता त्यांच्या संहितेवरून सांगता येत नाही.