संशय तिसरा, निर्णय नववा

पनवेलच्या एखाद्या अभियांत्रिकी विद्यार्थ्याने पायथनमध्ये छोटासा खेळ लिहिला, पायइन्स्टॉलर या साधनाने त्याची थेट चालणारी एक्सई फाइल बांधली आणि वर्गमित्राला पाठवली, तर मित्राच्या संगणकावरचा अँटिव्हायरस ती ‘ट्रोजन’ म्हणून अडवण्याची बरीच शक्यता असते. खेळात व्हायरस नसतो. पण पायइन्स्टॉलर प्रत्येक फाइलला उलगडणीचा जो भाग जोडतो, तोच भाग व्हायरस लिहिणाऱ्यांनीही वापरलेला असतो. फाइल आवळून बांधणारे यूपीएक्ससारखे पॅकर, नक्कल रोखणारी कुलपे, दुसऱ्या प्रोग्रामच्या मेमरीत शिरणारे ट्रेनर, हे सारे खेळांच्या जगात नित्याचे आहे आणि हल्लेखोरांच्याही. एवढ्या साम्यावरून दोष सिद्ध होतो का? हा प्रश्न संगणकाच्या फार आधीचा आहे.

गौतमाच्या न्यायसूत्रांनी तर्कविचाराचे सोळा पदार्थ, म्हणजे विषय, सांगितले. त्यांत संशय तिसरा आणि निर्णय नववा. मध्ये दृष्टान्त, अवयव, तर्क अशा पायऱ्या आहेत. दोन वस्तूंचा समान धर्म दिसला, की संशय उपजतो. अंधुक उजेडात उभे दिसते ते खांब की माणूस, हे त्याचे परंपरेतले उदाहरण. तिथून थेट नवव्या पायरीवर उडी मारली की भ्रम होतो. धुरावरून अग्नीचे अनुमान खरे ठरते, पण अग्नीवरून धुराचे ठरत नाही, कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो. धुराला ओले सरपण लागते. नैयायिक अशा लपलेल्या अटीला उपाधी म्हणतात. ‘फाइल पॅक केलेली आहे, म्हणून घातक आहे’ हे अनुमान असेच सोपाधिक आहे. घातक ठरते ती फाइलची कृती, आणि ती अजून कोणी पाहिलेलीच नसते.

यावर पहिला आक्षेप असा, की खोटा इशारा परवडतो, बेसावधपणा परवडत नाही. आक्षेप पोकळ नाही. २०२५च्या फेब्रुवारीत स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानातून ‘पायरेटफाय’ नावाचा खेळ काढून टाकावा लागला, कारण त्यात माहिती चोरणारा प्रोग्राम होता. म्हणून संशयित फाइल वेगळी ठेवणे मला पूर्ण मान्य आहे. क्वारंटाइनमधली फाइल परत आणता येते. पण सावधपणाची कृती आणि दोषाचे ज्ञान या दोन गोष्टी आहेत, आणि त्या एकच मानल्या की सावधपणाच घातक होतो. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या अँटिव्हायरसच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एसव्हीसीहोस्ट ही फाइल व्हायरस ठरवली आणि जगभरचे असंख्य संगणक बंद पडून पुन्हापुन्हा सुरू होत राहिले. दुसरा आक्षेप: मग यंत्रच अचूक करा. ते होणार नाही. सर्व व्हायरस ओळखेल आणि कधीच चुकणार नाही असा प्रोग्राम असूच शकत नाही, हे संगणकशास्त्रज्ञ फ्रेड कोहेन यांनी १९८०च्या दशकातच सिद्ध केले. उरलेल्या पायऱ्या माणसालाच चढाव्या लागतात. आणि त्या न चढल्याची किंमत कोण मोजतो? मोठ्या कंपनीच्या फाइलवर विकत घेतलेली डिजिटल सही असते, तिला लाखो वापरकर्त्यांची ओळख असते. पनवेलच्या विद्यार्थ्याकडे यातले काहीच नसते. अनोळखी असणे हाच त्याचा गुन्हा ठरतो, आणि हे मला तर्काइतकेच नीतीच्या दृष्टीनेही चूक वाटते.

तिसरा आक्षेप जास्त अवघड आहे: सामान्य वापरकर्ता शहानिशा कशी करणार? व्हायरसटोटल या संकेतस्थळावर एकच फाइल अनेक अँटिव्हायरस इंजिनांकडून तपासता येते, पण दहा इंजिनांनी ‘घातक’ म्हटले म्हणजे दहा साक्षीदार झाले असे नाही. अनेक उत्पादने दुसऱ्याचेच इंजिन वापरतात. त्यापेक्षा फाइल कुठून आली आणि इशाऱ्याच्या नावात ‘जेन’ किंवा ‘ह्युर’ अशी ढोबळ अंदाजाची खूण आहे का, हे पाहावे. तरीही शंका उरली तर फाइल न उघडता अँटिव्हायरसच्या कंपनीकडे फेरतपासणीला पाठवावी. अँटिव्हायरस बंद करून खेळ चालवणे हाही तपासाविना दिलेला निर्णयच. काटकर बंधूंनी पुण्यात उभ्या केलेल्या क्विक हीलसह सर्व अँटिव्हायरस कंपन्यांना एक विनंती आहे: जिथे फक्त साम्य सापडले आहे तिथे ‘धोका सापडला’ असे लिहू नका. ‘संशयित’ लिहा, कारण सांगा, आणि फेरतपासणीची वाट त्याच खिडकीत, मराठीत द्या.