आजीची फाइल

हैदराबादला बरकतपुरा चमनजवळ प्रॉव्हिडंट फंडाचं ऑफिस आहे. तिथं आयुष्यभर कारकुनी करून निवृत्त झालेल्या एका आजींची ही गोष्ट. गोष्ट रचलेली आहे, त्यातले कायदे आणि नंबर मात्र खरे.

आजींची नात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. एका रात्री तिच्या इन्स्टाग्रामवर अनोळखी खात्यावरून एक क्लिप आली. चेहरा तिचा, गेल्या गणपतीतल्या फोटोतला, नथीसकट. अंग भलत्याच बाईचं. मान वळली की नथ क्षणभर गालात विरघळायची आणि पुन्हा उमटायची. खाली धमकी: वीस हजार पाठव, नाहीतर क्लिप तुझ्या बापाला आणि कॉलेजच्या ग्रुपवर. सोबत वडिलांच्या फेसबुक पानाचा स्क्रीनशॉट.

पोरीनं साठवलेले पाच हजार यूपीआयनं पाठवून दिले. दुसऱ्या दिवशी मागणी तीस हजारांवर गेली. जाणारच! घाबरून पैसे देणारं गिऱ्हाईक कोण सोडतो?

त्या रात्री ती सगळे मेसेज, सगळं खातंच पुसून टाकायला बसली होती. आजी पाणी प्यायला उठल्या आणि पोरीला रडू आवरेना. आजींनी चष्मा लावला, क्लिप पाहिली.

"ही तू नाहीस. पण काही पुसू नकोस. कागद फाडला की केस बुडाली, हे मी ऑफिसात जन्मभर पाहिलंय."

मग एक जुनी फाइल निघाली. खात्याचं नाव आणि पूर्ण लिंक, प्रत्येक धमकीचा तारीख-वेळ दिसणारा स्क्रीनशॉट, पैसे गेले तो यूपीआय आयडी, व्यवहाराचा क्रमांक. धमकी देणाऱ्याला उत्तर द्यायचं नाही, आणखी पैसा द्यायचा नाही आणि पुरावा म्हणूनसुद्धा क्लिप कुणाला फॉरवर्ड करायची नाही, असं आजींनी बजावलं.

सकाळी मुलगा भडकला. "तरी सांगत होतो, फोटो टाकत जाऊ नकोस!"

"तो फोटो तू टाकलायस," आजी म्हणाल्या. "आरतीचं ताट तुझ्याच हातात आहे बघ."

मुलगा गप्प झाला आणि स्कूटरची किल्ली घेऊन आला.

सुनेला अभिनेत्री रश्मिका मंदानाची अशीच बनावट क्लिप आठवली. नोव्हेंबर 2023 मध्ये ती पसरली तेव्हा रश्मिकानं लिहिलं होतं की, हे शाळा-कॉलेजात असताना घडलं असतं तर तोंड कसं दिलं असतं याची कल्पनाही करवत नाही. क्लिप बनवणारा इंजिनिअर पोरगा जानेवारी 2024 मध्ये दिल्ली पोलिसांनी गुंटूर जिल्ह्यातून पकडला.

पैसे गेले होते म्हणून आधी 1930 हा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक लावला. मग सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवली. स्त्रियांसाठीच्या विभागात नाव न देताही ती करता येते, पण पुढे पाठपुरावा करायचा म्हणून यांनी नाव दिलं. 2014 पासून शहरात असलेल्या, महिलांसाठीच्या पोलिसांच्या शी टीम्सनाही कळवलं. पैशासाठी धमकावणं हा भारतीय न्याय संहितेच्या 308 कलमाखाली गुन्हा आहे, उघड लैंगिक कृत्याची क्लिप पसरवली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 67-अ लागतं. स्टॉपएनसीआयआय या साइटवर नातीनं क्लिपची अंकी खूण बनवली. क्लिप फोनमध्येच राहते, कंपन्यांकडे फक्त खूण जाते आणि तिच्याशी जुळणारी क्लिप त्यांना रोखता येते. इन्स्टाग्रामकडे तक्रार वेगळी. अशा बनावट चित्रांसाठी 2021 च्या नियमांनी कंपन्यांना 24 तासांची मुदत घातली होती.

सुनेनं मात्र सगळ्यांत शहाणपणाचं काम केलं. नातीला विचारून तिनं नातेवाइकांना आणि कॉलेजच्या मैत्रिणींना स्वतःच फोन केले: "खोटी क्लिप येईल. पुढे पाठवू नका. कुणी पाठवली त्याचा स्क्रीनशॉट तेवढा आम्हाला द्या." लोकांना काय सांगायचं, या भीतीवरच त्याचा धंदा चालला होता. आठवडाभरानं त्यानं खरंच एका मामाला क्लिप पाठवली. मामानं ती न उघडता स्क्रीनशॉट धाडला आणि फाइलमध्ये एक कागद वाढला.

नात परीक्षेला बसली. ते खातं बंद झालं, तपास चालू आहे. पाच हजार अजून परत आलेले नाहीत, कारण तक्रारीला एक दिवस उशीर झाला होता. तुमच्या घरी असं झालं तर रात्र उलटू देऊ नका, त्याच क्षणी 1930 लावा.