फळ न खाणारा पक्षी

न्यूयॉर्कमधल्या पुस्तकांच्या दुकानात गिनिव्हिअर बेक ही होतकरू लेखिका शिरते. दुकान सांभाळणारा जो गोल्डबर्ग तिच्याशी थोडं बोलतो आणि पैसे देताना तिच्या कार्डावरचं नाव टिपून घेतो. पुढे समाजमाध्यमांवरून तिचे मित्र, घरचे लोक, पत्ता असं सगळं हुडकून तो तिच्या बिनपडद्याच्या खिडकीसमोर, रस्त्याच्या पलीकडे उभा राहतो. कॅरोलाइन केपनेसच्या 2014 सालच्या कादंबरीवरून आलेली ‘यू’ ही मालिका इथून सुरू होते. 2018 मध्ये अमेरिकेतल्या लाइफटाइम वाहिनीवर ती लागली, मग नेटफ्लिक्सवर गेली आणि 2025 मध्ये पाचव्या पर्वानं संपली.

मालिकेत जोच्या हातून कितीतरी खून होतात. तरीही अनेक प्रेक्षक त्याच्यावर भाळले. इतके, की भूमिका करणाऱ्या पेन बॅजलीलाच 2019 च्या जानेवारीत ट्विटरवर सांगावं लागलं की हा माणूस खुनी आहे.

प्रेक्षकांना भोळं म्हणून हा प्रश्न सुटत नाही. जोचं निवेदन ऐकताना खरोखर पटतं, की बेककडे इतक्या बारकाईनं दुसरं कुणीच पाहत नाही. तिचा प्रियकर बेंजी बेफिकीर आहे, मैत्रीण पीच तिला स्वतःच्या मुठीत ठेवू पाहते. ती काय वाचते, कशानं खचते, हे जोला ठाऊक असतं. शेजारच्या पाको नावाच्या मुलाला घरातल्या मारहाणीतून उसंत मिळावी म्हणून तो पुस्तकं देतो. ती माया खोटी वाटत नाही. मग एखाद्याकडे असं सर्वस्वानं लक्ष देणं म्हणजेच प्रेम नव्हे काय?

फ्रेंच तत्त्वज्ञ सिमोन वेल यांनी अवधानाला प्रार्थनेच्या पंक्तीला बसवलं. पण त्यांनी एक भेदही आग्रहानं मांडला: पाहणं वेगळं आणि खाणं वेगळं. जे केवळ पाहण्यासाठी आहे ते गिळू पाहण्यातूनच बहुतेक दुराचार आणि गुन्हे जन्मतात, असं त्यांना वाटे. 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला संस्कृत शिकून गीता वाचणाऱ्या वेल इथे आधार घेतात तो उपनिषदातल्या दोन पक्ष्यांचा. मुंडकोपनिषदाचा तिसरा मुंडक याच चित्रानं उघडतो. एकाच झाडावर दोन सखे पक्षी आहेत. एक फळ खातो, दुसरा न खाता पाहत राहतो. आपल्या परंपरेनं त्यांत जीव आणि परमात्मा पाहिले. वेल यांना ते एकाच आत्म्याचे दोन भाग वाटले.

जोला शेवटपर्यंत वाटत राहतं, की आपण दुसरा पक्षी आहोत. त्याच्या तळघरात दुर्मीळ पुस्तकांसाठी काचेची बंदिस्त खोली आहे. ऊन, दमट हवा, परक्यांचे हात यांपासून पुस्तकं जपायची म्हणून ती बांधलेली. बेकला त्याचं खरं रूप कळतं तेव्हा तो तिला त्याच खोलीत कोंडतो. ज्याला जपायचं त्याला उत्तर देता येता कामा नये, अशी ही माया. पुस्तक उठून निघून जात नाही. माणूस जातो, आणि जाऊ शकतो म्हणूनच त्याच्यावर प्रेम करण्याला काही अर्थ असतो. तिचा नकार ज्याला ऐकूच येत नाही, त्यानं तिच्याबद्दल कितीही जमवलं असलं तरी त्यानं तिला पाहिलेलं नाही.

आणि हे कथेपुरतं नाही. 1989 मध्ये लॉस एंजेलिसला अभिनेत्री रिबेका शेफर हिला एका चाहत्यानं तिच्याच दारात गोळी घातली. ती 21 वर्षांची होती. तिचा पत्ता त्यानं खासगी गुप्तहेरामार्फत राज्याच्या वाहन खात्याच्या नोंदींतून मिळवला होता. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियानं पाठलागाला स्वतंत्र गुन्हा ठरवलं; अमेरिकेतला तो पहिला कायदा. 1994 मध्ये वाहनचालकांची माहिती उघड करण्यावर केंद्रीय बंधनंही आली. कॅलिफोर्नियाच्या त्या कायद्यात पाठलाग करणाऱ्याची भक्ती किती उत्कट होती याला जागा नव्हती. त्याच्या धमकीनं समोरच्या माणसाच्या मनात जिवाची भीती बसते का, हे कायद्यानं विचारात घेतलं. प्रेमाचा दावा तपासायची ही बाजूच योग्य आहे, कारण दावेदाराच्या मनात तर तो नेहमीच निर्मळ असतो.

मालिकेनं हे बरंच उशिरा, पण नेमकं पकडलं आहे. पहिल्या पर्वात बेकला मारल्यावर जो तिचं हस्तलिखित छापून आणतो, आणि त्यात स्वतःची वाक्यं घुसडतो. तिचा देह संपवून भागत नाही; तिचा आवाजही त्याला स्वतःच्या पसंतीचा हवा असतो. शेवटच्या पर्वात बेकची जुनी विद्यार्थिनी ब्राँटी नाव घेऊन त्याच्या आयुष्यात शिरते. शेवटी ती त्याच्यावर पिस्तूल रोखून बेकचं पुस्तक पुढे करते आणि त्यानं घातलेला मजकूर त्याच्याच हातानं खोडायला लावते. पुस्तक पुन्हा निघतं तेव्हा त्यात फक्त बेकनं लिहिलेलं उरलेलं असतं.