माणशी एक बादली

हमालाने बॅग एकदाच उचलून पाहिली आणि परत खाली ठेवली. "वीस-बावीस किलो आहे. काय भरलंय दादा?"

"कपडे," मी म्हणालो.

ते अर्धंच खरं होतं. कपड्यांच्या खाली एकेक लिटरच्या सहा पाण्याच्या बाटल्या होत्या. वर पाणी महाग मिळतं असं ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं, आणि आपण शहाणे. निघताना आई म्हणाली होती, "डोंगरावर पाणी काय घेऊन जायचं?" पण आईच्या अशा वाक्यांचा अर्थ आपल्याला चार दिवस उशिरा लागतो.

ही काही वर्षांपूर्वीची, माथेरानची गोष्ट. दिवाळी नुकतीच आटोपली होती. दस्तुरी नाक्यावर मोटारी थांबतात. तिथून पुढे, रुग्णवाहिका सोडली तर, मोटारीला मज्जाव. कितीही मोठ्या गाडीतून आलात तरी इथे उतरायचं, आणि आपण घरून काय काय ओढून आणलंय ते चारचौघांत उघडं पडायचं. विमानतळावरही सामानाचं वजन होतं, पण तिथे काटा असतो. इथे कुणाचातरी खांदा असतो.

हॉटेल म्हणजे एक जुना बंगला. जांभ्याच्या भिंती, लांबच लांब व्हरांडा, वेताच्या खुर्च्या, आणि कौलांवर दिवसभर माकडांची पळापळ. खोलीत टीव्ही नाही. दारामागे पाटी: गरम पाणी सकाळी ७ ते ९, माणशी एक बादली. दुपारचा चहा ४ वाजता, घंटा झाल्यावर. रात्री साडेनऊनंतर स्वयंपाकघर बंद. खिडक्या उघड्या ठेवू नयेत. हॉटेलपेक्षा वसतिगृहात आल्यासारखं वाटलं. लाल मातीने बुटांचा रंग तासाभरात बदलला होता, आणि त्यावर उपाय नाही हे पायपुसण्याकडे बघूनच कळत होतं.

शेजारच्या खोलीत डोंबिवलीचं एक कुटुंब होतं. नाश्त्याच्या टेबलावर त्या गृहस्थांशी माझी लगेच गट्टी जमली, कारण दोघांच्याही तक्रारी एकच होत्या. सुट्टीवर गेलेल्या अनोळखी माणसांना जवळ आणायला तक्रारीसारखी दुसरी गोष्ट नाही. एका बादलीत अंघोळ कशी करायची? कांदा दुसऱ्यांदा मागितला तर वाढपी आतल्या दाराकडे का बघतो? रात्री दहाला साधा चहा मिळत नाही म्हणजे काय? आम्ही दोघांनी मिळून हॉटेलचा पार निकाल लावला. आई उपमा खात गप्प ऐकत होती.

काउंटरवर पाहुण्यांच्या अभिप्रायाची एक जाड वही होती. दुपारी वेळ जाईना म्हणून ती चाळली. एकाने इथल्या शांततेचं पानभर कौतुक केलेलं, आणि उलटलेल्या पानावर दुसऱ्याने संध्याकाळी करायला काहीच नसल्याबद्दल पैसे परत मागितलेले. तारखा पाहिल्या तर दोघांचा मुक्काम एकाच आठवड्यातला. बहुधा दोघांनी एकाच व्हरांड्यात, एकमेकांकडे पाठ करून, तीच संध्याकाळ घालवली असावी.

दुसऱ्या दिवशी पॅनोरमा पॉइंटवरून सूर्योदय पाहायचा म्हणून पहाटे उठलो. सूर्योदय काही पाहायला मिळाला नाही, कारण मी हॉटेलच्या मागच्या दाराशीच थांबलो. तिथे तीन घोडी उभी होती. पर्यटकांची रंगीत खोगिरं घातलेली नव्हेत. अंगावर गोणपाट टाकलेली, माना खाली घातलेली. एकीच्या दोन्ही अंगांना गॅसचे सिलिंडर बांधलेले. दुसरीवर कांद्या-बटाट्याची पोती. तिसरीवर दुधाच्या पिशव्यांचे क्रेट आणि पाण्याच्या बाटल्यांची खोकी. सामान उतरवणाऱ्यांत पहिल्या दिवशीचा आमचा हमालही होता. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली, आणि का कोण जाणे, मला आधी त्या खोक्यांतल्या बाटल्या दिसल्या.

आपल्या घरच्या सिलिंडरात १४.२ किलो गॅस असतो, आणि लोखंडी टाकीचं वजन त्याहून थोडं जास्तच. म्हणजे एक सिलिंडर तीस किलोंच्या आसपास. इथे येणारा प्रत्येक सिलिंडर भरलेला वर चढतो आणि रिकामा झाला की तीच वाट उतरतो. साडेनऊनंतरच्या चहाचं गणित मला तिथे उभ्या उभ्या सुटलं. बादलीचंही. बंबाखाली जळणाऱ्या लाकडांची मोळी आवाराच्या कोपऱ्यात होती, आणि ती काही आपल्या पायांनी चालत आलेली नव्हती.

मॅनेजरकाका वहीत पोती मांडून घेत होते. मला बघून म्हणाले, "काय साहेब, पॉइंटवर नाही गेलात?" मी कांद्याचा भाव विचारला. विचारायला दुसरं काही सुचलं नाही. ते हसले. "कांदा स्वस्त आहे हो. चढ महाग आहे. खाली नेरळला भाव वेगळा, दस्तुरीला टेम्पोचं भाडं धरून वेगळा, आणि इथे ह्या दारात घोड्याचे पैसे धरून वेगळा. शिवाय पाऊस लागला की घोडं निसरतं, मग थांबायचं." एवढं बोलून ते पुन्हा पोती मोजायला लागले.

माथेरानचा इतिहास सांगताना १८५० साली ठाण्याच्या कलेक्टरने, ह्यू मॅलेटने, ही जागा शोधून काढली असं लिहायची पद्धत आहे. डोंगराच्या उतारांवर ठाकर आणि कातकरी राहतच होते. त्यांची काही ती हरवली नव्हती. मॅलेटनंतर साहेब लोक आले, त्यांच्यामागून मुंबईचे शेटजी, आणि थंड हवा खायला येणाऱ्या या माणसांना वर न्यायला तट्टं आणि पालख्या. रेल्वे आली ती १९०७ साली. दोन फुटी रुळांवरची ती गाडी नेरळपासून एकवीस किलोमीटर वळणं घेत चढते. सरळ चढ तिच्या इंजिनाला झेपत नाही, म्हणून ती डोंगराला वळसे घालते. घोड्याला आणि माणसाला एवढे वळसे परवडत नाहीत.

ओझ्याचं हे गणित आईला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तिचे गुडघे दुखरे, दस्तुरीहून अडीच-तीन किलोमीटर चालणं शक्य नव्हतं, आणि घोड्यावर ती बसणार नव्हती. राहिली हातरिक्षा. तेव्हा तिथे ई-रिक्षा नव्हत्या. एक माणूस पुढून ओढणार, दोघे मागून ढकलणार. आई आधी नाहीच म्हणाली. मग बसली, पण अशी बसली की बघवेना. पाठ टेकली नाही. पर्स, पाण्याचा तांब्या, डब्याची पिशवी, सगळं पायाशी न ठेवता मांडीवर घट्ट धरून ठेवलं. घोड्याला ओझं नको म्हणून गाठोडं स्वतःच्या डोक्यावर घेऊन घोड्यावर बसणाऱ्या माणसाची गोष्ट तिनेच मला लहानपणी सांगितली होती आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो. त्या दिवशी मी शेजारून चालत होतो आणि हसू येत नव्हतं. प्रत्येक चढाला ती म्हणायची, "थांबा हो बाबांनो, घाई नाही." शेवटी पुढचा माणूस घाम पुसत म्हणाला, "आजी, थांबलं की परत ओढायला जड जातं. चालू द्या." मग ती गप्प बसली.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं, आणि ओढणाऱ्यांचं पुनर्वसन ई-रिक्षांमधून करावं असंही म्हटलं. बातमी मी आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "त्या तिघांना एकच रिक्षा मिळेल की तीन?" मला सांगता आलं नाही.

तर त्या सकाळी सिलिंडर बघून खोलीत आलो तेव्हा आईची अंघोळ उरकली होती. बादलीत चांगलं तीन बोटं पाणी शिल्लक होतं. "तुला लागलं तर असू दे," ती म्हणाली. आमच्या मुंबईच्या घरात तिने कधी असं केलेलं मला आठवत नाही. तिथे पाणी तानसा-वैतरणेहून येतं, बरंचसं उतारानेच वाहत, आणि पुढे सोसायटीचा पंप ते गच्चीवर चढवतो. पंप बिघडला तरच आपण चौथ्या मजल्यावर राहतो हे आम्हाला आठवतं.

नाश्त्याला डोंबिवलीकर गृहस्थांनी कालचा विषय पुढे सुरू केला. आज त्यांना लोणी कमी वाटत होतं. मी हो-ला-हो म्हणालो. मागच्या दारी काय पाहिलं ते सांगावंसं वाटलं, पण सुट्टीवर आलेल्या माणसाला असं काही सांगायला लागलो तर तो पुढच्या जेवणाला दुसरं टेबल शोधतो. कांदा मात्र मी दुसऱ्यांदा मागितला नाही. त्यांनी मागितला, आणि तो त्यांना मिळालाही.

निघायच्या दिवशी आईने हट्ट धरला, उतरायचं ते छोट्या गाडीनेच. सामान स्टेशनपर्यंत न्यायला तोच हमाल आला. त्याने बॅग एकदा उचलून पाहिली.

"हलकी झाली. पाच-सहा किलो."

"चिवडा संपला," आई म्हणाली.

"एवढा चिवडा?" तो हसला.

तेवढ्यात मॅनेजरकाका आतून एक पिशवी घेऊन आले. आमच्या सहा रिकाम्या बाटल्या होत्या, धुऊन, बुचं लावून. "तुमच्याच आहेत ना? जाताना खाली घेऊन जा, साहेब. इथे ठेवल्या तर परत घोड्यालाच न्याव्या लागतात."

हमालाने पिशवीसाठी हात पुढे केला. मी म्हटलं, राहू दे, हे मी घेतो. नेरळपर्यंत ती माझ्या मांडीवर होती. प्रत्येक वळणाला बाटल्या एकमेकींवर आपटून खडखडायच्या, आणि समोरच्या बाकावरची एक लहान मुलगी दर वेळी मान वळवून बघायची, आत काय आहे म्हणून.