शिकणे कधी संपते?

"आता या वयात काय शिकायचं?" हे वाक्य निवृत्तीनंतर पुष्कळांच्या तोंडी येते. पोथी वाचतो, पारायण होते, तेवढे पुरे. पण ते खरोखर पुरे आहे का? यहुदी लोकांची अध्ययनाची रीत वाचताना मला हा प्रश्न पडला.

तोरा हा त्यांचा पवित्र ग्रंथ वर्षभर दर शनिवारी थोडा थोडा वाचतात. सिम्हत तोरा या सणाला शेवटचा भाग संपतो आणि लगेच पहिला सुरू होतो. माझा जन्म बँकेच्या खातेवह्यांत गेला. अखेरची शिल्लक हीच आरंभीची शिल्लक, हे मला चटकन पटले. तालमूद हा त्यांचा दुसरा मोठा ग्रंथ. रोज एक पान, जगभर सर्वांनी तेच, अशी प्रथा रब्बी मेयर शापिरो यांनी 1923 साली सुचवली. 2711 पानांची एक फेरी व्हायला साडेसात वर्षे लागतात! रब्बी अकिवा तर चाळिशीत अक्षरे शिकू लागले आणि पुढे थोर गुरू झाले, असे परंपरा सांगते.

ही मंडळी जोडीने अभ्यासाला बसतात. एकाने अर्थ सांगायचा, दुसऱ्याने शंका काढायची. हिल्लेल आणि शम्माय यांच्या शिष्यांचे मतभेद तालमूदने दोन्ही बाजूंनी जपले आहेत. निर्णय हिल्लेलच्या बाजूने गेला, कारण त्याचे शिष्य आधी समोरच्याचे म्हणणे सांगत, मग आपले. किती घरांत असे घडते हो?

आपल्या कोकणातले बेने इस्राएल मराठीच बोलत. शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून 'शनवार तेली'. ग्रंथ जहाजाबरोबर बुडाले, एक प्रार्थना तेवढी मुखी उरली, असे त्यांचे वाडवडील सांगत. पुढे कोचीनहून शिकवणारे आले. 1874 साली पुण्यात वल्हांडण सणाची 'हग्गादा' हिब्रू आणि मराठीत छापली गेली. त्या रात्री घरातले लहान मूल प्रश्न विचारते आणि थोरांनी उत्तर द्यायचे असते. मुलाला कळायचे तर ते त्याच्याच भाषेत हवे.

पठणाचे पुण्य मी नाकारत नाही. पण आपल्याला काय उमगले, हे कुणी विचारल्यावरच कळते. तेव्हा यंदा पारायणात एक तरी अध्याय नातवंडाला जवळ घेऊन वाचा. त्याला विचारू द्या. उत्तर नाही आले, तर दोघांनी मिळून शोधा.